नाटकाचा फोटो काढला की चेहरा पांढराफटक का येतो? रंगमंचावरच्या प्रकाशाचं गणित

तिसरी घंटा होते. प्रेक्षागृहातले दिवे मंदावत जातात आणि पडदा सरकतो. रंगमंचाच्या एका कोपऱ्यात खुर्ची, खुर्चीत म्हातारा आणि त्याच्या डोक्यावरून पडलेला एकच दिवा. बाकी सगळा काळोख. तिसऱ्या रांगेतलं कोणीतरी हळूच मोबाइल वर काढतं, एक फोटो घेतं आणि मध्यंतरात तो स्टोरीला टाकतं. त्या फोटोत मागचा काळा पडदा करडा दिसतो, विंगेत ठेवलेलं स्टूल दिसतं, खुर्चीचे पायही दिसतात. फक्त म्हाताऱ्याचा चेहरा दिसत नाही. तिथे एक पांढरा ठिपका असतो.

हे सगळ्यांच्या बाबतीत होतं. महागडा फोन असला तरी होतं, आणि गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून पहिल्यांदा नाट्यगृहात शिरलेल्या फोटोग्राफरच्या बाबतीतही होतं. त्यात हात थरथरल्याचा किंवा फोन स्वस्त असल्याचा फार दोष नसतो. रंगमंचावरचा प्रकाश डोळ्यांसाठी रचलेला असतो आणि कॅमेरा डोळ्यासारखं बघत नाही, खरी गोम इथे आहे.

कॅमेऱ्याला काळोख कळत नाही

कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा मीटर असतो. समोर काय आहे हे त्याला मुळात ठाऊक नसतं. जे दिसतंय ते सरासरीने मध्यम करड्या रंगाइतकं उजळ असणार, असं तो गृहीत धरतो. दुपारच्या बाजारात किंवा घरातल्या वाढदिवसाला हा अंदाज साधारण जमून जातो. नाट्यगृहात मात्र चौकटीचा ८०-९० टक्के भाग काळा असतो. मीटरला वाटतं, प्रकाश फारच कमी आहे. मग तो सगळं उजळवत सुटतो. काळा पडदा करडा होतो आणि आधीच दिव्याखाली असलेला चेहरा जळून पांढरा पडतो.

नव्या फोनमध्ये चेहरा ओळखून त्यानुसार प्रकाश मोजण्याची सोय असते. पण चेहरा लांब असेल, अर्धा सावलीत असेल किंवा मेकअपने झाकलेला असेल तर फोनही गोंधळतो.

डोळा असं करत नाही, कारण डोळा एकाच वेळी सगळं बघत नसतो. तो चेहऱ्यावर जातो, तिथून हाताकडे, मग मागच्या दाराकडे. प्रत्येक ठिकाणी तो स्वतःला जुळवून घेतो आणि मेंदू या सगळ्याचं एक चित्र तयार करतो. कॅमेऱ्याला हे सगळं एकाच क्षणात, एकाच मापाने टिपायचं असतं.

म्हणून रंगमंचाचे फोटो काढणारे लोक ऑटो मोड बंद करतात. काही जण स्पॉट मीटरिंग वापरतात, म्हणजे चौकटीतल्या अगदी छोट्या भागावरून, शक्यतो चेहऱ्यावरून, प्रकाश मोजतात. काही जण एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक किंवा उणे दोनवर नेतात. बरीच नाटकं केलेले लोक सरळ मॅन्युअल मोडवर जातात, कारण मागचा पडदा हलला किंवा पांढरा झब्बा घातलेला नट मधून गेला तरी नायिकेच्या चेहऱ्यावरचा दिवा तेवढाच असतो. मीटरने त्यात लुडबुड करायचं कारण नाही.

यातला एक नियम लक्षात ठेवला तरी निम्मं काम होतं. चेहरा जळू द्यायचा नाही. सावलीतला तपशील नंतर एडिटिंगमध्ये थोडाफार वर आणता येतो. पूर्ण पांढऱ्या झालेल्या चेहऱ्यातून मात्र काहीच परत मिळत नाही, कारण तिथे माहिती नोंदलेलीच नसते.

तीन आकडे आणि सतत चाललेली घासाघीस

फोटोत किती प्रकाश येणार हे तीन गोष्टींवर ठरतं. लेन्सचं छिद्र किती उघडं आहे, शटर किती वेळ उघडं राहतं आणि सेन्सरकडून आलेला सिग्नल किती वाढवला जातो, म्हणजे आयएसओ. एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं.

आकड्यांतच बघू. नाट्यगृहात चांगला उजेड असलेल्या प्रवेशासाठी साधारण १/२५० सेकंद, एफ २.८ आणि आयएसओ ३२०० ही सुरुवात बऱ्याचदा चालून जाते. आता दिवाणखान्याचा प्रवेश संपला आणि रात्रीचा सुरू झाला. प्रकाश आठपटीने कमी झाला, म्हणजे फोटोग्राफीच्या भाषेत तीन स्टॉप. नट शांत बसून बोलत असेल तर शटर १/६० वर आणता येतं. त्यातून चौपट प्रकाश मिळाला. उरलेली दुप्पट आयएसओ ६४०० करून मिळते. पण तोच नट त्या अंधारात धावत असेल तर १/६० ला त्याचा नुसता धूसर पट्टा उमटेल. मग शटर १/२५० लाच ठेवायचं आणि आयएसओ २५६०० पर्यंत न्यायचा. फोटोत दाणे दिसतील. दिसू द्यावेत. दाणेदार फोटो वापरता येतो आणि ते दाणे कमी करणारी सॉफ्टवेअर आता बरीच सुधारली आहेत. हललेल्या चेहऱ्याला मात्र औषध नाही.

लेन्सचा प्रश्न खिशाशी जोडलेला आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स झूम केली की बहुतेक वेळा एफ ५.६ वर येते. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट प्रकाश आत घेते. अशा ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्सची किंमत बघून कॉलेजातली मुलं हबकतात ते बरोबरच आहे. पण ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी असते आणि ती किट लेन्सच्या जवळपास दहापट प्रकाश घेते. तिला झूम नाही, तेव्हा पुढच्या रांगेत किंवा पिटाच्या बाजूला जागा मिळवावी लागते. एकांकिकेच्या रंगीत तालमीत ही जागा सहज मिळते.

फिल्मच्या काळात तर आयएसओ दर फोटोला बदलण्याची चैनच नव्हती. ४०० ची फिल्म कॅमेऱ्यात घालायची, ती १६०० ची आहे असं समजून फोटो काढायचे आणि डार्करूममध्ये जास्त वेळ डेव्हलप करून ती तूट भरून काढायची. रोलमध्ये फोटो ३६. बाराव्या फोटोनंतर दिवे बदलले तरी रोल तोच. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या गायक-वादकांची सतीश पाकणीकर यांनी टिपलेली प्रकाशचित्रं किंवा दिल्लीच्या अविनाश पसरिचा यांनी टिपलेलं शास्त्रीय नृत्य बघताना हे डोक्यात ठेवलं तर त्या फोटोंकडे बघण्याची नजरच बदलते.

निळ्या दिव्याखाली चेहरा का हरवतो?

पूर्वी रंगमंचावर मुख्यतः हॅलोजनचे दिवे असायचे. अनेक ठिकाणी अजूनही आहेत. त्यांचा प्रकाश साधारण ३२०० केल्विनचा, पिवळसर, आणि डिमरवर खाली आणला की तो आणखी तांबूस होतो. रंग हवा असेल तर दिव्यापुढे रंगीत जिलेटिन लावायचं. जिलेटिनमधूनही थोडाफार इतर रंगांचा प्रकाश झिरपतो, त्यामुळे चेहऱ्याची वळणं शाबूत राहतात.

एलईडी दिव्यांनी हे चित्र बदललं. ते कमी वीज खातात, कमी तापतात आणि एका बटणावर जांभळ्याचे हिरवे होतात. पण त्यांचा निळा हा निव्वळ निळा असतो. इथे कॅमेऱ्याच्या सेन्सरची रचना आड येते. बहुतेक सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्या प्रकाशासाठी, एक चतुर्थांश लाल आणि एक चतुर्थांश निळ्यासाठी असतात. रंगमंचावर फक्त निळा प्रकाश असेल तर पाऊण सेन्सर जवळजवळ उपाशी आणि उरलेला पाव तुडुंब भरलेला, अशी अवस्था होते. मीटरला एकूण प्रकाश कमी वाटतो, तो एक्स्पोजर वाढवतो आणि निळा रंग फाटतो. नाक, गाल, कपाळ सगळं एकाच सपाट निळ्या डागात जातं. प्रखर लाल प्रकाशातही हेच होतं. लावणीच्या कार्यक्रमांत लाल-जांभळ्या दिव्यांची हौस दांडगी असते, तेव्हा तिथे काम करणाऱ्याला हा त्रास रोजचाच.

यावर पूर्ण इलाज नाही. एक्स्पोजर आणखी एखाद-दीड स्टॉप खाली आणायचं आणि कॅमेऱ्यात प्रत्येक रंगाचा वेगळा हिस्टोग्राम बघायचा, कारण एकत्रित हिस्टोग्राम अशा वेळी फसवतो. फोटो रॉ स्वरूपात घ्यायचे. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता एका जागी पक्का करायचा, नाहीतर एकाच प्रवेशाच्या दहा फोटोंत नायिकेची साडी दहा रंगांची दिसते. याहून सोपा उपाय म्हणजे थांबणं. निळ्या दिव्यांसोबत समोरून किंवा बाजूने एखादा पिवळसर स्पॉट लागला की चेहरा पुन्हा जिवंत होतो. प्रकाशयोजनाकारालाही नटाचा चेहरा दिसायला हवाच असतो, त्यामुळे असा क्षण बहुतेक प्रवेशांत येतो.

रंग पार फाटलेला फोटो कृष्णधवल करून टाकायची पद्धत आहे. शंभरातल्या दोन फोटोंना ते शोभतं. दर वेळी केलं तर प्रकाशयोजनाकाराने महिनाभर डोकं लावून निवडलेले रंग पुसून टाकल्यासारखं होतं.

फोटोवर काळे पट्टे येतात ते कसले?

एलईडीची दुसरी कटकट म्हणजे लुकलुकणं. मंद केलेला एलईडी अनेकदा खरोखर मंद झालेला नसतो. तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होत असतो आणि डोळ्याला ते मंद प्रकाशासारखं वाटतं. मोबाइलचं शटर आणि मिररलेस कॅमेऱ्याचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एका दमात वाचत नाहीत, ओळीओळीने वाचतात. काही ओळी दिवा चालू असताना वाचल्या जातात, काही बंद असताना. तेच काळे-पांढरे पट्टे.

भारतातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यावर चालणारी ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून १/१०० किंवा १/५० सेकंद शटर ठेवलं की पट्टे बहुतेक नाहीसे होतात. व्हिडिओसाठीही २५ फ्रेम आणि १/५० हीच जोडी आपल्याकडे सुरक्षित. मात्र रंगमंचाच्या एलईडींची लय वेगळी असू शकते, तिथे शटर थोडं मागेपुढे करून बघावं लागतं. नवीन कॅमेऱ्यांत त्यासाठी अगदी बारीक टप्प्यांनी शटर बदलायची सोय असते. तेही जमलं नाही तर मेकॅनिकल शटर वापरायचं. पण मग खट् असा आवाज येतो, आणि नटाने घेतलेल्या शांततेत तो आवाज सहाव्या रांगेपर्यंत पोहोचतो.

शटर कधी दाबायचं?

आकडे आठवडाभरात शिकता येतात. वेळ साधायला वर्षं जातात, आणि तिथे कॅमेऱ्यापेक्षा कलेची माहिती जास्त उपयोगी पडते.

कथक नर्तकी चक्कर घेत असते तेव्हा १/५०० नेही चेहरा नीट मिळेल याची खात्री नसते. पण चक्करं समेवर संपतात आणि तिथे ती क्षणभर स्तब्ध होते. ताल मोजता येत असेल तर तो क्षण कधी येणार हे आधीच कळतं. लावणीतही गिरकीच्या शेवटी, पदर पकडून नजर फेकताना असाच थांबा असतो. उडीच्या सर्वांत वरच्या टोकाला शरीर निमिषभर वरही जात नसतं आणि खालीही येत नसतं, त्यामुळे तिथे १/२५० सुद्धा पुरतं. काही जण मुद्दाम १/६० ठेवून चेहरा स्थिर आणि घुंगरांचे पाय धूसर, असा फोटो मिळवतात. वीस प्रयत्नांत एखादा लागतो.

नऊवारीची जर आणि टिकल्या दिव्याखाली चमकून जळतात. त्या जळू द्याव्यात, चेहरा सांभाळावा.

शास्त्रीय गायनात बहुतेक नवशिके तान चालू असताना बटण दाबतात आणि फोटोत वेडंवाकडं उघडलेलं तोंड येतं, त्यापुढे मायक्रोफोन. गायक स्वर लावण्याआधी डोळे मिटतो, समेवर आल्यावर तबलजीकडे बघून हसतो, हात हवेत सोडतो. फोटो तिथे आहेत. साथीदारांकडे कॅमेरा वळवायला तर कोणाला सुचतच नाही.

नाटकाचं वेगळं आहे. इथे प्रकाश कधी बदलणार हे लिहून ठेवलेलं असतं. त्यामुळे नाटक एकदा कॅमेऱ्याशिवाय बघणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय. कोणत्या वाक्यानंतर अंधार होतो, नायक खिडकीशी कधी जातो, रंगीत सायक्लोरामापुढे आकृत्या काळ्या कधी दिसतात हे एकदा कळलं की दुसऱ्या वेळी धावपळ उरत नाही. रंगीत तालमीला गेलं तर प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याशी पाच मिनिटं बोलता येतं. आपल्या कामाबद्दल त्यांना कोणी फारसं विचारत नाही, त्यामुळे विचारलं की ते मनापासून सांगतात.

प्रत्येक रंगमंच वेगळा

कोकणात देवळाच्या आवारात रात्रभर चालणाऱ्या दशावतारात प्रकाश फारसा बदलत नाही, पण तो भेसळीचा असतो. ट्यूब, पिवळे बल्ब, एखादा फ्लडलाइट, सगळं एकत्र. राजाचा एक गाल हिरवट आणि दुसरा नारिंगी दिसतो. इथे दोन्ही रंग सुधारायच्या फंदात न पडता चेहऱ्यावरचा मुख्य दिवा धरून व्हाइट बॅलन्स ठरवायचा. तमाशाच्या तंबूत धूळ आणि धूर असतो, त्यात मागचा दिवा सरळ लेन्समध्ये घुसला की ऑटोफोकस पुढे-मागे भरकटत राहतो. तेव्हा एकच फोकस बिंदू निवडून तो कानातल्यासारख्या ठळक कडेवर ठेवावा लागतो. संदेश भंडारे यांचं ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ हे पुस्तक मिळालं तर बघावं. तमाशाचा फोटो फडावरच संपत नाही, तो राहुटीत आणि प्रवासातही असतो, हे त्यातून कळतं.

पुरुषोत्तम करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत पुन्हा निराळी अडचण. ती एकांकिका त्या स्वरूपात कदाचित दोन-चार वेळाच सादर होते. मुलं पुढच्या वर्षी पांगतात, नेपथ्याची लाकडं दुसऱ्या एकांकिकेत लागतात. मागे काय उरतं, तर संहितेची एखादी प्रत आणि कोणीतरी काढलेले फोटो. ते फोटो खोटे आले तर आठवणही तशीच होत जाते. फोनचा नाइट मोड रात्रीच्या प्रवेशाची दुपार करून टाकतो. दहा वर्षांनी तो फोटो बघणाऱ्याला वाटतं की या नाटकात सगळे लख्ख उजेडात उभे होते. अंधाराचा प्रवेश फोटोतही अंधाराचाच दिसायला हवा. चेहऱ्याची एक कड उजळली असेल तर तेवढीच.

हातात फक्त मोबाइल असेल तर

परवानगी आहे असं धरून चालू. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतात. मग बोट खाली सरकवून फोटो काळा करत न्यायचा, चेहऱ्याचे डोळे-नाक दिसेपर्यंत. एवढ्याने सुरुवातीचा तो पांढरा ठिपका जातो. नाइट मोड बंद ठेवायचा, कारण तो सेकंदभर किंवा त्याहून जास्त वेळ प्रकाश गोळा करतो आणि तेवढ्यात नट कुठल्या कुठे गेलेला असतो. दोन बोटांनी ताणून झूम करण्याऐवजी फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तरच ती वापरावी, नसेल तर पूर्ण रंगमंचाचा फोटो घ्यावा. रंगमंचाची पूर्ण चौकट, दोन्ही विंगांसकट, अनेकदा त्या ओढूनताणून आणलेल्या क्लोजअपपेक्षा जास्त सांगते. प्रो मोड असेल तर शटर १/१०० आणि आयएसओ ८०० पासून सुरुवात करून बघता येईल.

आणि फ्लॅश बंद. मोबाइलचा फ्लॅश जेमतेम चार-पाच मीटर पोहोचतो. पंधराव्या रांगेतून मारलेल्या फ्लॅशने रंगमंचावर काहीही उजळत नाही, पुढच्या प्रेक्षकांची डोकी तेवढी चकाकतात. जवळून मारला तर प्रकाशयोजना पुसली जाते आणि अंधारात पायऱ्या उतरणाऱ्या नटाच्या डोळ्यांपुढे काही सेकंद ठिपके नाचतात. अंधारात फोकससाठी कॅमेऱ्यातून निघणारा लाल किंवा हिरवा दिवाही बंद करून ठेवावा. पडद्याची चमक कमीत कमी.

परवानगीचं काय?

प्रयोग चालू असताना फोटो आणि चित्रीकरण करू नये, अशी सूचना बहुतेक मराठी नाटकांआधी होते. प्रेक्षकांच्या मोबाइलवरून मराठी कलाकारांनी २०१९ मध्ये जाहीर नाराजीही व्यक्त केली होती. फोनचा उजळलेला पडदा रंगमंचावरून स्पष्ट दिसतो, हे प्रेक्षकात बसून लक्षात येत नाही. पाश्चात्त्य संगीताच्या मैफलींत फोटोग्राफरना पहिली तीन गाणी, तीही फ्लॅशशिवाय, असा रिवाज आहे. आपल्याकडे असा ठरलेला नियम नाही. निर्मात्याला किंवा आयोजकाला आधी विचारणं हाच मार्ग.

कायदाही आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क मिळतो आणि त्यात त्याचं दृश्य रेकॉर्डिंग येतं. या रेकॉर्डिंगची कायद्यातली व्याख्या हलत्या चित्रांची आहे. त्यामुळे एक स्थिर फोटो आणि नाटकातल्या कळीच्या प्रसंगाची ४० सेकंदांची रील, ही दोन प्रकरणं सारखी नाहीत. खासगी वापर, समीक्षा, बातमी यांसाठी सवलती आहेत. पण रहस्यनाटकाचा शेवट स्टेटसला टाकणाऱ्याने त्या सवलतींचा आधार घेऊ नये.

मेकअप रूमचा मामला आणखी गंभीर आहे. तिथे विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचाच नाही. कपडे बदलणाऱ्या स्त्रीचं चोरून चित्रीकरण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

ज्यांना परवानगी मिळत नाही त्यांच्यासाठीही एक वेळ उरते. नाटक संपतं, सगळे कलाकार ओळीत येऊन उभे राहतात, सगळे दिवे एकदम लागतात. तेव्हा फोटो काढायला बहुतेक वेळा कोणी हरकत घेत नाही. उजेड भरपूर असतो, कोणी हलत नसतं आणि १/१२५ पुरेसं होतं. मघाचा तो म्हाताराही तिथे असतो, बत्तीस-तेहतीस वर्षांचा, कपाळावरच्या सुरकुत्या घामाने अर्ध्या पुसलेल्या.